प्रोग्रॅमिंग लागणाऱ्या पोस्टडॉकच्या जागा: आधी कोड, मग मेल

सातारा-सांगलीकडून पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरची संशोधनाची तात्पुरती जागा) अर्ज करणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. थीसिस सबमिट झाला की आधी शंभर-दीडशे प्राध्यापकांचे ईमेल पत्ते गोळा होतात, सगळ्यांना एकच मेल जातो. एखाद्याचं उत्तर येतं, "तुमचा कोड पाहायला मिळेल का?" आणि मग लॅबमधल्या जुन्या पीसीवर शोधाशोध सुरू होते. तिथे तीन फोल्डर सापडतात: फायनल, फायनल२ आणि फायनल_सरांचं. आकृती चार नेमकी कुठल्या फोल्डरमधून आली, हे कुणालाच आठवत नाही.

हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. विज्ञान किंवा अभियांत्रिकीत पीएच.डी. करणारे, कामात पायथन, आर, मॅटलॅब, फोर्ट्रान यांपैकी काहीतरी रोज वापरणारे, पण स्वतःला "प्रोग्रॅमर" न म्हणवणारे वाचक डोळ्यांसमोर आहेत.

## सुरुवात कधी करायची

थीसिस सबमिट करण्याच्या नऊ ते बारा महिने आधी. ढोबळ वाटणी अशी: पहिला महिना फक्त जाहिराती वाचण्यात, पुढचे दोन-तीन महिने कोड दाखवण्याजोगा करण्यात, त्यानंतर सीव्ही आणि शिफारसपत्रं, आणि मग अर्ज. परदेशातल्या फेलोशिपचा निकाल अर्जानंतर पाच-सहा महिन्यांनी लागतो. व्हायवा झाल्यावर सुरुवात केली, तर मधलं वर्ष तासिका तत्त्वावर शिकवण्यात जातं. ते काम वाईट नाही, पण त्या वर्षात कोडला हात लागत नाही.

## टप्पा १: जाहिरातीतलं "प्रोग्रॅमिंग" म्हणजे नक्की कोणतं, ते ओळखा

तुमच्या विषयातल्या तीस जाहिराती काढा. अर्ज करायचा नाही, फक्त वाचायच्या आणि एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकीतली मागितलेली कौशल्यं भरायची. "प्रोग्रॅमिंग स्किल्स आवश्यक" या एका ओळीमागे चार वेगळी कामं दडलेली असतात.

विश्लेषण. डेटा दुसऱ्या कुणाच्या उपकरणातून येतो. तुम्ही तो साफ करायचा, संख्याशास्त्र लावायचं, आलेख काढायचे. पायथन किंवा आर पुरते. जीवशास्त्र, पर्यावरण आणि शेतीशी संबंधित जागा बऱ्याचदा या प्रकारच्या असतात.

तयार पॅकेज चालवणं. रेणू आणि पदार्थांच्या गणितासाठी लॅम्प्स, ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो, व्हास्प किंवा हवामानातलं डब्ल्यूआरएफ. इथे इनपुट फाइल समजणं, क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक संगणकांवर) जॉब लावणं आणि निकाल कन्व्हर्ज (स्थिर) झाला की नाही ते सांगता येणं महत्त्वाचं. सोबत लिनक्स, बॅश आणि निकाल वाचण्यापुरतं पायथन.

कोड लिहिणं किंवा वाढवणं. सी++, फोर्ट्रान, एमपीआय (एकच कोड अनेक कोअरवर चालवण्यासाठी), कूडा (ग्राफिक्स कार्डवर चालवण्यासाठी). इथे न्यूमेरिकल मेथड पक्क्या लागतात. नुसतं पॅकेज चालवलेल्या माणसाने इथे अर्ज केला, तर मुलाखतीच्या दहाव्या मिनिटाला ते उघडं पडतं.

मशीन लर्निंग. पायटॉर्च किंवा तत्सम. ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र इथे जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. खऱ्या, घाणेरड्या डेटावर केलेलं एक काम सिद्ध करतं.

जाहिरातीत "अत्यावश्यक" आणि "असल्यास उत्तम" अशा दोन याद्या असतील, तर त्या वेगळ्या रकान्यांत उतरवा. ब्रिटनमधली विद्यापीठं अर्जाची छाननी अत्यावश्यक मुद्द्यांवर एकेक करून करतात; तिथे प्रत्येक मुद्द्याला उदाहरणासह उत्तर दिलं नाही, तर चांगला उमेदवारही पहिल्या चाळणीत गळतो. पाचांपैकी चार मुद्दे बसत असतील तर अर्ज करा. दोनच बसत असतील तर वेळ वाचवा.

> तपासा: तीस जाहिरातींनंतर "माझ्या विषयात सगळ्यांत जास्त वेळा मागितलेली तीन साधनं कोणती?" याचं उत्तर न बघता देता आलं पाहिजे. आलं नाही, तर अजून दहा वाचा.

## टप्पा २: येतं आणि दाखवता येतं, यातला फरक

एक कोरा कागद घ्या. डावीकडे येणारी साधनं लिहा, उजवीकडे प्रत्येकासमोर पुरावा: कोणता पेपर, कोणती आकृती, कोणता कोड. उजवी बाजू रिकामी राहिली, तर ते साधन सीव्हीतूनही काढा. बी.एस्सी.ला शिकलेलं सी, डिप्लोमातलं व्हिज्युअल बेसिक, एचटीएमएल, एमएस ऑफिस ही नावं यादी लांबवतात आणि विश्वास कमी करतात. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाला काय महत्त्वाचं तेच कळलेलं नाही.

मॅटलॅबवरच सगळी पीएच.डी. झाली असेल तर घाबरायचं कारण नाही, पण थीसिसमधलं एक प्रकरण पायथनमध्ये उतरवा. संपूर्ण नव्हे, एकच. दोन्हीकडचे आकडे जुळले की तुमच्याकडे "कोड एका भाषेतून दुसरीत नेला आणि पडताळला" असं सांगायला खरं काम आहे. उतरवताना एक खड्डा नक्की लागतो: मॅटलॅबमध्ये मोजणी १ पासून सुरू होते, पायथनमध्ये ० पासून. बऱ्याच न जुळणाऱ्या आकड्यांचं मूळ तिथे असतं.

## टप्पा ३: एक रिपॉझिटरी, पण चालणारी

सगळ्यांत जास्त वेळ याच टप्प्याला द्या. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) वीस अर्धवट रिपॉझिटरी (कोडचे फोल्डर) असण्यापेक्षा एक अशी हवी, जी अनोळखी माणसाने उतरवून घेतली आणि दहा मिनिटांत चालवली.

काय टाकायचं. पेपर छापून आला असेल तर त्यातल्या एका आकृतीचा कोड. पेपर अजून रिव्ह्यूमध्ये असेल, किंवा डेटा गाइडच्या प्रोजेक्टचा असेल, तर तो सार्वजनिक करायचा नाही. गाइडची लेखी परवानगी घ्या. तोंडी "टाक की" पुरेसं नाही. परवानगी मिळत नसेल तर उघड्या डेटावर छोटं स्वतंत्र काम करा.

आपल्याकडे असा विषय दाराशीच आहे. सांगलीत पावसाळ्यात प्रत्येक जण आयर्विन पुलाची पातळी विचारतो: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पूरकाळात पाटबंधारे विभाग पातळी आणि कोयनेतून सोडलेला विसर्ग जाहीर करतो. कोयनेचा विसर्ग आणि वरच्या भागातला पाऊस यांवरून काही तासांनंतरची पातळी सांगता येते का, हा प्रश्न छोट्या रिपॉझिटरीला पुरेसा आहे. आणि त्यात शिकण्याजोगे सापळे भरपूर आहेत.

पहिला सापळा एककाचा. पातळी फूट-इंचांत सांगतात, पण लिहिताना ४५ फूट १० इंच हे ४५.१० असं उतरतं आणि ४५ फूट १ इंच हे ४५.१ असं. संगणकाला दोन्ही एकच आकडा. खरं पाहता पहिला ४५.८३ फूट आहे आणि दुसरा ४५.०८. तब्बल नऊ इंचांची चूक, तीही बरोबर धोका पातळीच्या काठावर. म्हणून हा रकाना आकडा म्हणून वाचायचाच नाही. मजकूर म्हणून वाचून फूट आणि इंच वेगळे करायचे. मूळ नोंदच अपूर्णांकात आणि संदिग्ध असेल तर ती वगळायची, अंदाजाने भरायची नाही. वर दिलेले दोन आकडे पायटेस्टमध्ये चाचणी म्हणून लिहून ठेवा. एवढी एक चाचणी पाहिली की वाचणाऱ्याला कळतं, या माणसाने डेटाला हात लावलेला आहे.

दुसरा सापळा रिकाम्या नोंदींचा. रात्रीची नोंद नसते, आणि कुणीतरी तिथे शून्य भरलेलं असतं. कृष्णा एका रात्रीत शून्य फुटांवर जात नाही.

तिसरा सापळा सगळ्यांत महागडा. डेटाची ट्रेनिंग आणि टेस्ट अशी वाटणी बहुतेक जण सरमिसळ करून करतात. मग २०१९ च्या पुरातला दुपारी दोनचा आकडा ट्रेनिंगमध्ये आणि तीनचा टेस्टमध्ये जातो. मॉडेल ९९ टक्के अचूक दिसतं, कारण त्याने उत्तर आधीच पाहिलेलं असतं. कालक्रमाचा डेटा कधीही सरमिसळ करायचा नाही. अख्खं एक वर्ष बाजूला ठेवा. २००५ आणि २०२१ वर शिकवा, २०१९ वर तपासा. आकडा घसरेल. घसरलेला आकडा प्रामाणिकपणे लिहा.

चौथा: तुलना कशाशी? सहा तासांनंतरही पातळी आत्ताइतकीच असेल, असं म्हणणारं बिनडोक भाकीत आधी मोजा. तुमचं मॉडेल त्याला हरवत नसेल, तर ते रिपॉझिटरीत तसंच लिहा. कारणही शोधता येईल: कोयना कराडला कृष्णेला मिळते, पण सांगलीपर्यंत इतर धरणांचं आणि ओढ्यांचं पाणी येतं, आणि हरिपूरला वारणा मिळते तेव्हा फुगवट्याचाही प्रश्न येतो. कोयनेच्या एका रकान्यावर सगळं भाकीत बसणार कसं? (अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद मात्र रिपॉझिटरीत आणू नका. तो जिल्ह्यात पुरेसा चालू आहे.)

रिपॉझिटरीत काय असलंच पाहिजे.

1. रीडमी फाइल. पहिल्या दोन ओळींत हे काय आहे, मग बसवायचं कसं, चालवायचं कसं, आणि चालवल्यावर काय दिसलं पाहिजे. अपेक्षित आलेखाचं चित्र तिथेच लावा.
2. वापरलेल्या लायब्ररींची यादी, आवृत्तीच्या आकड्यांसह. नुसतं "नमपाय, पांडाज" लिहिलं तर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि कोड मोडतो.
3. लायसन्स. एमआयटी किंवा बीएसडी लायसन्स साधी आहेत. लायसन्स नसेल तर कायद्याने तो कोड इतरांना वापरता येत नाही, सार्वजनिक असला तरी.
4. छोटा नमुना डेटा. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. मोठा डेटा झेनोडो या संशोधन-डेटाच्या साइटवर ठेवा. तिथे एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा मिळते.
5. तीन-चार चाचण्या. शंभर नकोत.

शेवटी गिटहब झेनोडोला जोडून एक रिलीज काढा. त्या आवृत्तीला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, आणि तो सीव्हीत पेपरसारखा लिहिता येतो.

> सावध: पासवर्ड किंवा एपीआय की चुकून चढली, तर फाइल पुसून भागत नाही. ती गिटच्या इतिहासात राहतेच. की लगेच रद्द करून नवी घ्या, मग साफसफाई.

> तपासा: लॅबमधल्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, रिकाम्या फोल्डरमध्ये, फक्त रीडमी वाचून कोड चालवायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलायचं नाही. तो जिथे अडेल तिथे रीडमी अपुरी आहे. नव्वद टक्के वेळा पहिला अडथळा तोच: कोडमध्ये तुमच्या डेस्कटॉपचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ज्युपिटर नोटबुक असेल तर कर्नल रीस्टार्ट करून वरपासून खालपर्यंत एकदा चालवा. उलटसुलट क्रमाने सेल चालवल्याने दिसणारा निकाल तिथेच पकडला जातो.

आणि सगळा कोड एका रात्रीत, एकाच कमिटमध्ये (गिटमधली बदलाची एक नोंद) चढवू नका. कमिटचा इतिहास पाहणारे पाहतात. "अपडेट", "अपडेट२" असे संदेश म्हणजे फोल्डरच्या नावांचीच पुढची आवृत्ती.

### क्लस्टरचा अनुभव नसेल तर

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या जाहिरातींत स्लर्म (क्लस्टरवरची जॉबची रांग सांभाळणारं साधन) आणि एमपीआय हे शब्द असतातच. आपल्या बऱ्याच कॉलेजांत क्लस्टर नाही. तरी चार कोअरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून एमपीआयचा सराव होतो. एकच गणित १, २ आणि ४ कोअरवर चालवा, वेळ मोजा, तक्ता करा. चार कोअरवर चौपट वेग आला नाही तर का, ते लिहा. कोडचा १० टक्के भाग समांतर चालत नसेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग दहापटीच्या वर जात नाही. हे अॅमडालचं सूत्र स्वतःच्या तक्त्यावर समजावता आलं, की "मी क्लस्टर वापरला आहे" या कोरड्या वाक्यापेक्षा ते भारी पडतं. सीव्हीत मात्र "लॅपटॉपवर सराव" असंच लिहायचं. खोटा अनुभव एका प्रश्नात कळतो: "जॉब रांगेत अडकला तर काय बघायचात?"

## टप्पा ४: जागा कोणत्या नावाने निघतात

शोधताना फक्त "पोस्टडॉक" हा शब्द टाकला तर निम्म्या जागा दिसतच नाहीत. भारतात हेच काम "रिसर्च असोसिएट" आणि "प्रोजेक्ट सायंटिस्ट" या नावांनी निघतं, परदेशात "रिसर्च फेलो", "रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर" किंवा "सायंटिफिक प्रोग्रॅमर" या नावांनीही. शेवटच्या दोन जागांवर पीएच.डी. झालेल्यांना घेतात, पण पेपरचा दबाव कमी आणि कोडचा जास्त. ज्यांना शिकवण्यापेक्षा कोड आवडतो त्यांनी त्या आधी बघाव्यात.

जवळचं. पुण्यात आयआयटीएम (हवामान), आयसर (मूलभूत विज्ञान), एनसीएल (रसायनशास्त्र), आयुका आणि एनसीआरए (दोन्ही खगोलशास्त्र) आणि सी-डॅक (संगणन). हवामान आणि खगोलशास्त्र ही दोन क्षेत्रं तर कोडवरच चालतात. आयआयटीएमचं महाबळेश्वरला उंचावरचं ढगांचं संशोधन केंद्र आहे, आणि कराडला भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा आहे, जिथे कोयना परिसरातल्या भूकंपांचा अभ्यास होतो. साताऱ्याच्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि तो हैदराबादच्या जाहिराती शोधत बसतो. या संस्थांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येतात. दर सोमवारी दहा मिनिटं तेवढ्यासाठी ठेवा.

रिसर्च असोसिएटला केंद्राने जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांप्रमाणे महिना ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये, श्रेणीनुसार, आणि घरभाडे भत्ता वेगळा. जाहिरातीत यापेक्षा कमी एकत्रित रक्कम दिसली तर पैसा कोणत्या योजनेचा, ते विचारायला लाजू नका.

देशातली फेलोशिप. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आधी केंद्राच्या एसईआरबी या मंडळाकडे होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे. मुदत दोन वर्षं, वयोमर्यादा ३५, आणि महिला, राखीव प्रवर्ग व दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. इथे प्रस्ताव तुम्ही लिहायचा आणि मेंटॉरची संमती आधी मिळवायची असते. कॉल निघाल्यावर मेंटॉर शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

परदेश. युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, अमेरिकेत गणित-भौतिकशास्त्रासाठी अॅकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइन, खगोलशास्त्राला अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर, कण-भौतिकीला इन्स्पायर. स्वतःच्या नावावर मिळणारी फेलोशिप हवी असेल तर युरोपीय संघाची मारी क्युरी, जर्मनीची हम्बोल्ट आणि जपानची जेएसपीएस.

> सावध: अर्ज, "प्रोसेसिंग" किंवा ऑफर लेटरसाठी पैसे मागणारी पोस्टडॉकची जागा खरी नसते. प्राध्यापकाचा ईमेल पत्ता विद्यापीठाच्या डोमेनचा आहे का, आणि तो माणूस विभागाच्या पानावर आहे का, एवढं तरी पाहा.

## टप्पा ५: तारखांचा हिशोब

इथल्या चुकांमुळे चांगले अर्ज बाद होतात, आणि त्या चुका कौशल्याच्या नसतात.

पीएच.डी.ची तारीख कोणती? आपल्याकडे व्हायवाची एक, विद्यापीठाच्या नोटिफिकेशनची दुसरी आणि पदवीदान समारंभाची तिसरी. हम्बोल्टला पोस्टडॉक म्हणून जायचं तर पीएच.डी. होऊन चार वर्षांच्या आत अर्ज हवा, जेएसपीएसला सहा, मारी क्युरीला पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपर्यंत. कुठली तारीख धरायची ते प्रत्येक कॉलच्या नियमात शोधा आणि नोटिफिकेशनची स्कॅन प्रत तयार ठेवा.

राहण्याची अट. मारी क्युरीत ज्या देशात जायचं तिथे अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीत नुकतंच दीड वर्ष राहून आलेल्याने मारी क्युरीत जर्मनी निवडू नये. हे नियम वर्षागणिक बदलतात. गेल्या वर्षीची पीडीएफ मित्राकडून घेऊन त्यावर विसंबू नका.

घड्याळ. ब्रुसेल्सच्या संध्याकाळी ५ म्हणजे सप्टेंबरात आपले रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. "एनीव्हेअर ऑन अर्थ" लिहिलं असेल तर मध्यरात्रीची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत चालते. ही सवलत वापरायची नसते, पण माहीत असलेली बरी.

## टप्पा ६: सीव्ही

दोन पानं, सोबत पेपरची यादी वेगळी. फोटो, वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, दहावीचे टक्के आणि शेवटची "वरील माहिती सत्य आहे" ही प्रतिज्ञा: परदेशच्या अर्जातून हे सगळं काढा. सरकारी संस्थेचा छापील फॉर्म मागत असेल, तर तिथे मागितलेलं जसंच्या तसं भरा.

कौशल्यांची नुसती यादी करू नका, काम लिहा. "पायथन: उत्तम" याऐवजी "पायथन: चार वर्षांच्या तासागणिक पातळीच्या नोंदी साफ करणारी, चाचण्यांसह पाइपलाइन, डीओआय सोबत". तारे आणि टक्केवारीच्या पट्ट्या लावू नका. पायथन ८० टक्के म्हणजे नक्की किती, हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम, पेपरवर आद्याक्षरं, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी एक. पाटील एस. हे नाव गूगल स्कॉलरवर टाकून पाहा, म्हणजे गरज कळेल. ऑर्किडचा (संशोधकाच्या ओळखीचा) १६ अंकी क्रमांक काढा, सगळे पेपर आणि झेनोडोची नोंद त्याला जोडा, आणि तो क्रमांक सीव्हीच्या पहिल्या ओळीत द्या.

## टप्पा ७: मेल

आता मेल. दिवसाला दोन, जास्तीत जास्त तीन. एका मेलमागे त्या गटाचा एक पेपर आणि असल्यास एक रिपॉझिटरी वाचलेली हवी.

दीडशे ते दोनशे शब्द. क्रम असा: कोणत्या जागेसाठी किंवा फेलोशिपसाठी; त्यांच्या कामातली नेमकी कुठली गोष्ट; तुमचं त्याच्याशी जुळणारं एक काम आणि लिंक; पीएच.डी. कधी पूर्ण आणि कधीपासून येऊ शकता. सोबत दोन पानी सीव्ही, बस्स.

फरक पाहा. पहिला मेल म्हणतो: "आपल्या नामांकित संस्थेत, आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मला पायथन, सी, जावा येतं." हा मेल कुणालाही पाठवता येतो, म्हणून तो कुणालाच पाठवलेला नाही. दुसरा म्हणतो: "तुमच्या कोडमध्ये सीमेवरच्या अटी स्थिर धरल्या आहेत. मी माझ्या थीसिसमध्ये बदलत्या अटींसाठी हेच समीकरण सोडवलं. तुलना या लिंकवर आहे. दोन ठिकाणी निकाल वेगळे येतात, कारण मला कळलेलं नाही." न कळलेलं सांगणारा मेल जास्त वाचला जातो, असा आमचा ठाम समज आहे.

"रिस्पेक्टेड सर" लिहू नका. समोर बाई असू शकतात, आणि तुम्ही पान उघडलंच नाही हे तिथेच कळतं. नावापुढे डॉक्टर किंवा प्रोफेसर पुरे. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. नंतर सोडा.

> सावध: विभागातल्या पाच जणांना एकच मेल सीसी करू नका. ते एकाच कँटीनमध्ये चहा घेतात.

## टप्पा ८: शिफारसपत्रं

तीन लागतात. पहिलं गाइडचं. दुसरं ज्याने तुमचा कोड प्रत्यक्ष पाहिला आहे अशा माणसाचं: सहलेखक, शेजारच्या लॅबचे सर किंवा मॅडम. प्रोग्रॅमिंगच्या जागेला हे दुसरं पत्र निर्णायक ठरतं, आणि नेमकं तेच बहुतेकांकडे नसतं. त्याऐवजी प्राचार्यांचं "होतकरू आणि मनमिळाऊ" असं पत्र असतं. प्राचार्य तुमचा कोड वाचत नाहीत.

पोर्टल सहसा पत्र देणाऱ्यालाच थेट लिंक पाठवतं, आणि काही ठिकाणी संस्थेचाच ईमेल पत्ता लागतो. तुमच्या सरांचा कॉलेजचा ईमेल दोन वर्षांत उघडलेला नसेल, तर तो आत्ता सुरू करून घ्या. चार आठवडे आधी सांगा, सोबत जाहिरात, सीव्ही आणि "या तीन मुद्द्यांवर लिहिलंत तर बरं" असा एक परिच्छेद द्या. मुदतीच्या आठवडाभर आधी फोन करा. लिंक स्पॅममध्ये पडलेली असते.

## टप्पा ९: मुलाखत

साधारण २० ते ३० मिनिटांचं सादरीकरण, मग तेवढेच प्रश्न. फळ्यावर कोड लिहायला क्वचित सांगतात. घरी करायचं छोटं काम मात्र देतात. त्यात हुशारीपेक्षा नीटनेटकेपणा पाहतात: रीडमी आहे का, कोड चालतो का, गृहीतकं लिहिली आहेत का.

हे तीन प्रश्न येतातच असं समजून तयारी करा. कोड बरोबर आहे हे तुम्हाला कसं कळलं? (उत्तर ज्ञात असलेल्या सोप्या उदाहरणावर तपासलं, हे पहिलं उत्तर, आलेख छान दिसला, हे उत्तर नव्हे.) सगळ्यांत जास्त वेळ कुठे जातो, आणि तो मोजलात की अंदाज केलात? यातलं किती तुम्ही लिहिलं आणि किती दुसऱ्यांचं किंवा एआयने दिलेलं? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या. एआयची मदत घेतली तर बहुतेकांची हरकत नसते. स्वतःच्या रिपॉझिटरीतली ओळ समजावता आली नाही, तर नक्की असते.

वेळ पक्की करताना समोरचं शहर आणि आपली वेळ, दोन्ही लिहून पाठवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात, युरोपात शेवटच्या. न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. मार्चच्या त्या मधल्या आठवड्यांत तास चुकवणारे दरवर्षी सापडतात.

> तपासा: वीज गेली तर लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो. राउटर इन्व्हर्टरवर आहे का पाहा, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट आधी जोडून ठेवा. सादरीकरणाची पीडीएफ मुलाखतीच्या तासभर आधी पाठवून द्या.

## टप्पा १०: ऑफर आल्यावर

हो म्हणण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: मुदत किती आणि वाढ कशावर अवलंबून, पगार की फेलोशिप (कर आणि विमा त्यावर ठरतो), लिहिलेला कोड सार्वजनिक करता येईल का, आणि तुमच्या कोडवर उभ्या राहिलेल्या पेपरमध्ये लेखक म्हणून नाव येईल का. चौथा मुद्दा सुरुवातीला विचारणं अवघड वाटतं. दोन वर्षांनी विचारणं त्याहून अवघड.

ब्रिटनला जायचं असेल आणि विषय संवेदनशील यादीत असेल, तर व्हिसाआधी अॅटास प्रमाणपत्र (ब्रिटन सरकारची सुरक्षा मंजुरी) लागतं. त्याला आठवडे जातात. अमेरिकेचा जे-१ रिसर्च स्कॉलर व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि तो कार्यक्रम संपला की त्याच प्रकारात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. तीन महिन्यांच्या भेटीसाठी तो उघडून वाया घालवू नका.

लॅब सोडण्याआधी शेवटचं काम: जुन्या पीसीवरचे तिन्ही फोल्डर एका हार्ड डिस्कवर घ्या, कुठल्या आकृतीला कुठला कोड ते एका कागदावर लिहा, आणि तो कागद गाइडकडे द्या.